विद्यापीठ बदलायचंय? मग टीसी सगळ्यात शेवटी काढा

जूनचा दुसरा आठवडा लागला की आमच्या खिडकीवर कुणीतरी हमखास यायचं. हातात चार घड्या घातलेली टीसी, सोबत बाबा नाहीतर मामा, आणि प्रश्न ठरलेला : "मॅडम, टीसी काढली, पण तिकडे आता जागा नाही म्हणतात. इथे परत घ्याल का?" नागपुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी बरीच वर्षं प्रवेशाचं काम केलं, आणि दरवर्षी कुणावर तरी ही वेळ आलेली पाहिली. मुलं हुशार असतात, कागदही बहुतेक बरोबर असतात. चुकतो तो क्रम. म्हणून हा लेख क्रमाचा आहे.

इथे बीए, बीकॉम, बीएस्सी आणि त्यांच्यासारख्या पदव्यांचा विचार केला आहे. इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी, लॉ यांचे बदलीचे नियम वेगळे असतात आणि त्यांच्या त्यांच्या परिषदा व सीईटी सेल ठरवतात. तिथे हा क्रम जसाच्या तसा लावू नका.

१. आधी ठरवा : कॉलेज बदलायचंय की विद्यापीठ?

ऐकायला सोपं वाटतं, पण निम्मा गोंधळ इथेच होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. वर्ध्याच्या संलग्न कॉलेजातून नागपूरच्या संलग्न कॉलेजात येणं म्हणजे फक्त कॉलेज बदलणं. त्याला दोन्ही कॉलेजांची ना हरकत, टीसी आणि विद्यापीठाची परवानगी लागते. मायग्रेशनची, म्हणजे एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाताना जुन्या विद्यापीठाकडून घ्यायच्या दाखल्याची, गरज नसते.

चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात आहेत. घरातली मोठी माणसं अजूनही "चंद्रपूर म्हणजे नागपूर विद्यापीठच" असं सांगतात, कारण त्यांच्या पदवीवर तसंच लिहिलेलं असतं. त्यांचं ऐकून मायग्रेशन न काढता चंद्रपूरला गेलेली मुलं मी पाहिली आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतात. पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर तर वेगळी आहेतच.

आणखी एक गोष्ट. तुमचं किंवा नवं कॉलेज स्वायत्त असेल, तर विद्यापीठ एकच असूनही अभ्यासक्रम वेगळा असू शकतो. मायग्रेशन लागणार नाही, पण विषय जुळवणं चुकणार नाही.

तपासा : दोन्ही कॉलेजांच्या नावासमोर विद्यापीठाचं नाव आणि "संलग्न" की "स्वायत्त" हे वहीत लिहा. पुढचं सगळं यावरच ठरतं.

२. कोणत्या सेमिस्टरला जायचं

बदली खऱ्या अर्थाने शक्य असते ती वर्ष पूर्ण झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला. डिसेंबर-जानेवारीत, वर्षाच्या मध्येच जायचं म्हटलं तर सहसा कुणी घेत नाही; घेतलंच तर हजेरी आणि अंतर्गत गुण अडकतात. पाचव्या सेमिस्टरला जाणं त्याहून कठीण, कारण शेवटच्या वर्षाला मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे पेपर दाट असतात आणि ते दोन विद्यापीठांत क्वचितच जुळतात.

माझं मत स्पष्ट सांगते. दुसरं वर्ष झालं असेल आणि घरची किंवा तब्येतीची मोठी अडचण नसेल, तर पदवी इथेच पुरी करा आणि एमए, एमकॉम, एमएस्सीला हव्या त्या विद्यापीठात जा. तिथे विषय जुळवण्याचं ओझं नसतं. पहिलंच सेमिस्टर चालू असेल आणि शाखाच नकोशी झाली असेल, तर बदलीपेक्षा पुढच्या जूनमध्ये नव्याने प्रथम वर्षाला प्रवेश घेणं सोपं पडतं. वर्ष जातं, हे खरं. पण अर्धवट जुळलेल्या विषयांपायीही पुष्कळदा वर्षच जातं.

केवळ एखादा विषय शिकायला मिळत नाही म्हणून जायचं असेल, तर आणखी एक वाट बघा. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे. इथली नियमित पदवी चालू ठेवून इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून दुसरा अभ्यासक्रम करता येतो. दोघांचीही विभागीय केंद्रं नागपुरात आहेत.

सावधान : एखादा विषय बॅक असेल तर तो याच विद्यापीठात काढून मग निघा. मायग्रेशन घेतलं की इथली नोंदणी संपते, आणि मग बॅकचा पेपर द्यायला ती परत सुरू करून घ्यावी लागते. नवं विद्यापीठ जुन्याचा बॅक सोबत घेत नाही. फेरतपासणीचा अर्ज टाकला असेल तर त्याचा निकाल येऊन गुणपत्रिका दुरुस्त होईपर्यंतही थांबा.

३. विषय जुळवा : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बदली मिळणार की नाही हे गुणांवर जितकं ठरतं, त्याहून जास्त ते समकक्षतेवर ठरतं. तुम्ही जे शिकलात ते नव्या विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाइतकंच आहे का, एवढंच तिथली समिती बघते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी क्रेडिटमध्ये मोजतात. पहिलं वर्ष ४० ते ४४ क्रेडिटचं, तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ ची आणि चार वर्षांची १६० ते १७६ ची. हा सांगाडा सगळीकडे एकसारखा दिसतो आणि मुलं त्यालाच फसतात. "मॅडम, माझे ४४ क्रेडिट पूर्ण आहेत," म्हणून निर्धास्त राहतात. पण ४४ मध्ये काय काय आहे ते वेगळं असतं.

कळमेश्वरहून येणारी एक मुलगी मला आठवते. वडिलांची बदली पुण्याला झाली होती. बीएस्सीचं पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पास, मेजर केमिस्ट्री, मायनर म्हणजे जोडीचा विषय बॉटनी. आम्ही दुपारी टेबलावर दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलीने एकेक ओळ लावत गेलो. केमिस्ट्री जुळली. प्रात्यक्षिकांची क्रेडिटंही जुळली. पण तिला ज्या कॉलेजात जायचं होतं तिथे केमिस्ट्रीबरोबर बॉटनी हा मायनर दिलेलाच नव्हता. गणित किंवा फिजिक्स होतं. त्या दुपारी हे कळलं म्हणून तिने त्याच विद्यापीठातलं दुसरं कॉलेज शोधलं आणि तिथे तिला जागा मिळाली. टीसी काढून गेल्यावर हे कळलं असतं, तर?

तुम्हीही असंच करा. एका कागदावर चार रकाने आखा : इथला विषय आणि कोड, क्रेडिट, तिथला विषय, क्रेडिट. मग प्रत्येक गट वेगळा भरा. आधी मेजर, मग मायनर, मग ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे व्हीएससी आणि एसईसी, भाषेचा एईसी, मूल्यशिक्षणाचा व्हीईसी, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय उपक्रम. मेजर आणि मायनरमध्ये घटकांची नावंसुद्धा वाचा. "अकाउंटन्सी एक" हे नाव दोन्हीकडे असतं, आत मात्र वेगळं असू शकतं. ओपन इलेक्टिव्ह आणि कौशल्याचे विषय थोडे वेगळे असले तर समिती बहुधा सांभाळून घेते. मेजरमध्ये मोठा फरक असेल तर ते विषय पुन्हा द्यायला सांगतात, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर पहिल्या वर्षाचे एक-दोन पेपर अंगावर येतात. ते झेपेल का, हा विचार आताच करा.

एईसीत हिंदी किंवा मराठी घेतली असेल तर तिकडे तीच भाषा पुढे आहे का ते बघा. हा विषय छोटा वाटतो म्हणून राहून जातो.

तपासा : अभ्यासक्रम विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवा, आणि तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचाच उतरवा. गेल्या दोन-तीन वर्षांत अभ्यासक्रम बदलत आलेत; मोठ्या बहिणीचा किंवा मित्राचा जुना पीडीएफ चालणार नाही. ही प्रत पुढे प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने साक्षांकित करून घ्यावी लागेल, त्यामुळे एक स्वच्छ प्रिंट बाजूला ठेवा.

४. नव्या कॉलेजला विचारा आणि उत्तर लेखी घ्या

फोनवर "या, बघू" म्हणतात. त्याला होकार समजू नका. मी स्वतः खिडकीमागे बसलेली असल्याने सांगते, "बघू" याचा अर्थ खरोखर बघू एवढाच असतो. जागा रिकामी आहे की नाही हे पहिल्या वर्षाचे निकाल लागून नियमित मुलांचे दुसऱ्या वर्षाचे प्रवेश झाल्यावरच नीट कळतं.

ईमेल करा, छोटा आणि मुद्द्याचा. असा :

"मी नागपूर विद्यापीठातून बीएस्सी प्रथम वर्ष, मेजर केमिस्ट्री, मायनर बॉटनी, ४४ क्रेडिटसह उत्तीर्ण आहे. कुठलाही विषय बाकी नाही. आपल्याकडे तिसऱ्या सेमिस्टरला प्रवेश हवा आहे. गुणपत्रिका आणि विषयांचा तुलनात्मक तक्ता जोडला आहे. कृपया कळवावे : रिकामी जागा आहे का, समकक्षता कॉलेज पाहतं की विद्यापीठ, कुठले विषय पुन्हा द्यावे लागतील, पदवीसाठी किती क्रेडिट आपल्याकडेच मिळवावे लागतील, आणि टीसी व मायग्रेशन कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं."

शेवटचे दोन प्रश्न कुणी विचारत नाही आणि नेमके तेच नंतर आडवे येतात. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा प्रत्यक्ष जा. पुण्या-मुंबईला रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी परतता येतं. सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस टाळा. प्राचार्यांना भेटण्याआधी ज्या टेबलावर पात्रतेचं काम चालतं तिथल्या कर्मचाऱ्याला भेटा. खरी माहिती तिथे मिळते.

सावधान : "आधी टीसी आणा, मग बघू" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे सांगा, "प्रवेशाचं पत्र किंवा यादीत नाव द्या, सात दिवसांत टीसी देतो, तसं हमीपत्र लिहून देतो." बरीच कॉलेजं असा तात्पुरता प्रवेश देतात. काहीच लेखी द्यायला तयार नसतील, तर तुमचं वर्ष त्यांच्या शब्दावर ठेवू नका.

५. पैशाचा हिशेब

इथे दुसऱ्या वर्षाची फी घाईने भरू नका, पण मुदतही चुकवू नका. दोन्हीकडच्या तारखा समोर ठेवा. भरलीच असेल आणि नंतर जायचं ठरलं, तर यूजीसीचे फी परताव्याचे नियम आहेत : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या जितकं आधी कळवाल तितकी जास्त रक्कम परत मिळते. म्हणून प्रवेश रद्द करण्याचा अर्ज तारखेसह द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

शिष्यवृत्ती असेल तर जास्त जपून. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, तुमचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावाने आहे. पहिल्या वर्षाची रक्कम आली का, कुठे अडकली आहे, हे निघण्यापूर्वी पोर्टलवर बघा. जुन्या कॉलेजकडून काही त्रुटी दुरुस्त व्हायच्या असतील तर त्या आताच करून घ्या. तुम्ही गेल्यावर तो अर्ज कुणाच्याच टेबलावर नसतो. नव्या कॉलेजात गेल्यावर प्रोफाइलमध्ये अभ्यासक्रम आणि कॉलेज बदलून अर्ज करावा लागतो. बँक खातं आधारशी जोडलेलं असू द्या.

काही ठिकाणी टीसी देताना "शिष्यवृत्ती अजून आली नाही, तेवढी फी आधी भरा, आली की परत देऊ" असं सांगतात. भरावीच लागली तर पावतीवर "शिष्यवृत्ती प्राप्त झाल्यावर परत" असं लिहून घ्या. कोऱ्या पावतीवर वर्षभराने काहीच हाती लागत नाही.

६. कागद गोळा करा, आणि प्रत्येकावरचं नाव वाचा

लागणारे कागद : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, साक्षांकित अभ्यासक्रम, बोनाफाईड, वर्तणुकीचा दाखला, आधार, फोटो, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमिलेअर, अधिवास. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्र नेमकं कोणापुढे केलेलं चालतं, हे नव्या कॉलेजला विचारूनच करा. उत्पन्नाचे आणि क्रीमिलेअरचे दाखले मे महिन्यातच काढा. जूनमध्ये सिव्हिल लाईन्सला सेतूत बारावीच्या मुलांची रांग असते आणि दाखल्याला दिवस लागतात.

आता नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, एवढा फरक चालतो. पण एका ठिकाणी वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त, हे पात्रतेच्या टेबलावर अडतं. ज्या कागदावर चूक आहे तो इथे असतानाच दुरुस्त करा. गुणपत्रिका असेल तर कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे अर्ज.

मग एबीसी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स; तुमची क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं. तुमचा बारा अंकी अपार किंवा एबीसी आयडी डिजिलॉकरमधून उघडा आणि दोन्ही सेमिस्टरची क्रेडिट तिथे दिसतात का ते डोळ्यांनी बघा. आयडी तयार आहे म्हणजे क्रेडिट जमा आहेत असं नव्हे. ती संस्थेकडून चढवली जातात, आणि नाव जुळलं नाही तर मागे राहतात. दिसत नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागाला लेखी द्या.

तपासा : प्रत्येक कागदाचे तीन संच, एक स्कॅन फोनमध्ये, एक ईमेलवर. मूळ कागद एका प्लास्टिक फोल्डरमध्ये, आणि तो कुणालाही पोहोच न घेता द्यायचा नाही. यूजीसीच्या नियमाप्रमाणे कॉलेजने मूळ प्रमाणपत्रं पडताळून परत द्यायची असतात, ठेवून घ्यायची नसतात.

७. आता टीसी, मग मायग्रेशन

नव्या कॉलेजचं पत्र हातात आलं, विषय जुळले, पैसे कळले. आता जुन्या कॉलेजात जा.

पहिल्या दिवशी फक्त नो ड्यूजचा फॉर्म घ्या. ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा, वसतिगृह, लेखा अशा सह्या लागतात. ग्रंथालयाने थांबवलेली मुलं सगळ्यात जास्त. एखादं पुस्तक मित्राकडे राहिलेलं असतं. ते आधीच शोधा. अनामत रकमेचा अर्ज याच फॉर्मसोबत द्या, नाहीतर तो विसरला जातो.

मग टीसीचा अर्ज. टीसी हातात आली की खिडकी सोडण्यापूर्वी वाचा : पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जात-पोटजात, शेवटचा वर्ग आणि निकाल, सोडण्याचं कारण, रजिस्टर क्रमांक, सही, शिक्का. चूक असेल तर तिथेच सांगा. टीसीवर खाडाखोड चालत नाही. हरवली तर दुसरी प्रत "डुप्लिकेट" असा शिक्का मारून मिळते, तीही प्रतिज्ञापत्र दिल्यावर, आणि नवं कॉलेज ती घ्यायला कां-कूं करतं.

टीसी कापली की तुमचं नाव पटावरून उतरतं. परत यायचं झालं तर तो नवा प्रवेश असतो, आणि तुमची जागा तोवर दुसऱ्या कुणाला दिलेली असू शकते. हा सगळा लेख या एका वाक्यासाठी आहे.

मायग्रेशन विद्यापीठ देतं, कॉलेज नाही. अर्जाबरोबर टीसीची प्रत, शेवटची गुणपत्रिका आणि शुल्काची पावती लागते, म्हणूनच ते टीसीनंतर येतं. अर्जातला नोंदणी क्रमांक गुणपत्रिकेवरून बघून लिहा, आठवणीने लिहू नका. एक आकडा चुकला की फाइल मागे येते. मूळ टीसी तिथे देऊन टाकू नका. ती नव्या कॉलेजला हवी असते.

८. नव्या ठिकाणी : तात्पुरता प्रवेश आणि पात्रता

फी भरली, ओळखपत्र मिळालं, वर्ग सुरू झाले, तरी प्रवेश अजून तात्पुरताच असतो. नवं विद्यापीठ पात्रता तपासून कायम करतं. मूळ मायग्रेशन मुदतीत पोहोचलं नाही तर परीक्षेचा फॉर्म अडतो, किंवा परीक्षा होते आणि निकाल राखीव ठेवला जातो. मुलं हे विसरतात, कारण रोजचं कॉलेज व्यवस्थित चालू असतं.

पात्रतेचा फॉर्म भरल्याची पावती घ्या आणि दर पंधरा दिवसांनी त्या टेबलावर जाऊन विचारा. त्रुटी निघाली तर ती बहुतेक वेळा नोटीस बोर्डावर लागते; घरी फोन येईल अशी वाट बघू नका.

समकक्षतेचं पत्र वेगळं मागून घ्या. त्यात कुठले विषय मान्य, किती क्रेडिट मान्य आणि कुठले विषय पुन्हा द्यायचे, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. "मान्य" एवढाच शेरा असेल तर तपशील जोडून द्यायची विनंती करा. समितीतली माणसं बदलतात, आणि शेवटच्या वर्षाला नवा माणूस तुमची फाइल उघडतो तेव्हा त्याच्यापुढे तो कागदच बोलतो.

गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन नेताना बॅग ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकाल, पण फोल्डर अंगाजवळच्या पिशवीत ठेवा.

९. पहिल्या परीक्षेच्या फॉर्मआधी

तिसऱ्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म उघडला की त्यावर छापून आलेले विषय तुमच्या समकक्षता पत्राशी ताडून बघा. पुन्हा द्यायचे विषय त्यात आपोआप येत नाहीत, ते वेगळ्या फॉर्मने भरावे लागतात. एबीसी खात्यात नव्या संस्थेचं नाव आलं का तेही तेव्हाच बघा. निकाल लागल्यावर गुणपत्रिकेवर जुन्या विद्यापीठाची क्रेडिट धरून एकूण आकडा बरोबर येतो का ते मोजा. तो कमी दिसला तर समकक्षता पत्राची प्रत घेऊन त्याच आठवड्यात पात्रता विभागात जा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेऊनच परत या.